पान एकशे चौऱ्याऐंशी

आमच्या कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला पुस्तकं जोडायचं काम माझं. प्राध्यापक फाइल देतात, मी ती प्रकरणाप्रकरणाने तोडून धड्यांखाली लावते. फाइल बिघडवणारे ते, आणि बोलणी खाणारी मी.

यंदा यादीत आमच्या ह्यांचं पुस्तक आलं. 'माती आणि पाया', पानं तीनशे बारा, बावीस वर्षं अभ्यासक्रमात ठाण मांडून. कॉलेजात ह्यांना सगळे सर म्हणतात, तिथे मीही म्हणते. पण या पुस्तकाशी माझं जुनं वैर. नवं घर बांधून दोन वर्षं झाली नाहीत तोच स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. सासूबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला, "सून आदळआपट करते, भिंत तडकेल नाही तर काय!" मी ह्यांना विचारलं, "अहो, खरंच कशानं गेला हो?" हे म्हणाले, "लिहितोय." पुस्तक आल्यावर पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "पुस्तकात आहे."

त्यानंतर जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तेच. बायकोने प्रश्न विचारावा आणि नवऱ्याने पान क्रमांक सांगावा, हे कुठलं बोलणं? मीही हट्टाला पेटले. म्हटलं, सांगायचं तर तोंडाने सांगा, त्या पुस्तकाला मी हात लावणार नाही. सासूबाई गेल्या, तडा राहिला, पण मी हात लावला नाही.

आता या साइटचा एक चोंबडेपणा आहे. कोण कितव्या पानापर्यंत पोचलं, ते ती बिनदिक्कत सांगते. विभागप्रमुख मॅडमनी ते बघून फर्मान काढलं की सत्र संपताना बैठक घेऊ, आणि ज्याचं निम्मंही कुणी वाचलेलं नाही ते पुस्तक काढून टाकू.

"माझं पुस्तक पोरं कोळून पितात," सर म्हणाले.

मी गुपचूप आकडे पाहिले. विद्यार्थी चौसष्ट, आणि चौसष्टच्या चौसष्ट पान अकरावर थांबलेले. अकराव्या पानावर सूत्रांचा तक्ता आहे. त्याचा फोटो काढायचा आणि पसार व्हायचं. रोज संध्याकाळी चहाचा कप पुढे ओढत हे विचारायचे, "काय म्हणतात आमचे वाचक?" मी म्हणायची, "आहेत की." खोटं बोलताना मला चहासुद्धा गोड लागेना. कितीही वैर असलं तरी माणसाची बावीस वर्षं होती त्यात.

त्यातच एका मुलीची तक्रार आली की तक्त्याशेजारच्या चित्रात इमारत खाली आणि पाया वर दिसतोय. म्हणजे सगळीच चित्रं तपासणं आलं. मुलांना जसं दिसतं तसंच आम्हाला दिसावं म्हणून साइटवर 'चाचणी विद्यार्थी' नावाचं एक खातं असतं. नाक मुरडत मी त्यातून शिरले. मजकुराकडे बघायचंच नाही, नुसती चित्रं सुलटी करायची, असं ठरवून पान एकशे एकाहत्तरपर्यंत आले.

तिथे एका घराचा नकाशा होता. काटकोनातला ओटा, कोपऱ्यात सिंक, वर डब्यांची फळी. अगं बाई, हे तर माझं स्वयंपाकघर! खाली नाव होतं, 'बुजवलेल्या विहिरीशेजारचे घर'. मग मात्र मी खुर्ची पुढे ओढली. आमच्या सिंकच्या कोपऱ्याखाली कधी काळी विहीर होती, ती भुसभुशीत मातीने बुजवलेली, आणि ती माती अजून खाली बसते आहे. पान एकशे एकोणऐंशीवर लिहिलं होतं, "या तड्याचा घरातील कामकाजाशी काहीही संबंध नाही." म्हणजे ह्या माणसाने माझी बाजू घेतली होती! आणि तीही कुठे, तर सासूबाई जन्मात उघडणार नाहीत अशा जागी. मला एकदम संताप आला आणि रडूही आलं.

पान एकशे चौऱ्याऐंशीवर हिशोब करून उत्तर दिलं होतं की वीस वर्षांत कोपरा चार मिलिमीटर खचेल. चार? मला हसूच फुटलं. शेगडीजवळ लिंबू ठेवलं की ते माझी परवानगी न घेता सिंकमध्ये जातं. घरी जाऊन पारदर्शक नळीत पाणी भरलं, दोन्ही टोकांना पट्टी लावून मोजलं. चांगले चाळीस निघाले. दुसऱ्या दिवशी समासात टिपण टाकलं, "उत्तर चूक. चार मिलिमीटरने लिंबू सिंकपर्यंत जात नाही. दशांश चिन्ह तपासावे." आणि पुढे वाचत सुटले ते थेट तीनशे बारापर्यंत.

शुक्रवारी बैठक झाली. आकडे दाखवायला मी भिंतीशी उभी होते. मॅडमनी वाचलं, "माती आणि पाया. चौसष्ट विद्यार्थी, पान अकरा." सरांचा चेहरा खर्रकन उतरला. मला तिकडे बघवेना.

"एक मात्र शेवटपर्यंत पोचलाय," मॅडम म्हणाल्या.

सर ताठ बसले. "कोण तो?"

"चाचणी विद्यार्थी. टिपणही लिहिलंय." आणि मॅडमनी ते लिंबू भर बैठकीत वाचून दाखवलं. सगळे खो खो हसले, सर सोडून. त्यांनी खिशातून पेन काढलं, अजेंड्याच्या पाठीवर गणित मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. मग मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"चाळीसच," ते म्हणाले. "बावीस वर्षं चुकीचं शिकवतोय. आणि एकालाही कळू नये?"

मॅडम संकोचून म्हणाल्या, "सर, चाचणी विद्यार्थी काही मोजता येत नाही."

"नका मोजू. काढा पुस्तक."

आणि ते काढायचं बटण दाबायचं कामही माझंच. दाबलं.

घरी आल्यावर ह्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत. शेगडीजवळ लिंबू ठेवलं. ते सिंकमध्ये गेलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेलं.

"तू वाचलंस?"

"चित्रं तपासायची होती," मी म्हटलं.

"शेवटचं चित्र पान दोनशे तीसवर आहे."

सापडले! आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. "वाचलं. सगळं वाचलं. आईंना हे तेव्हाच तोंडाने का नाही सांगितलंत?"

ह्यांनी तोंड उघडलं. "पुस्त..." एवढं आलं, आणि तिथेच गिळलं. मग ओट्याजवळ खुर्ची ओढली, लिंबू हातात धरलं.

"आईची भीती वाटायची," हे म्हणाले. "बस, सांगतो."

मी बसले. तडा माझ्यामुळे गेला नव्हता, हे इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा माणसाच्या तोंडून ऐकलं.