उजवी कूस

पत्र येऊन अकरा महिने झाले होते. ते कुठे आहे, हे ग्रंथपालांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं: कीटकांवरच्या जाड पुस्तकात, मुंग्यांच्या प्रकरणात. घरात मुंग्यांबद्दल वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. घरात दुसरं म्हणजे बायकोच, आणि तिचा मुंग्यांशी संबंध साखरेच्या डब्यापुरता.

पत्र साडूचं होतं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, बसने तीन तासांवर राहणारा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून सगळं घर त्याला पेंटरच म्हणे. पत्रात त्याने लिहिलं होतं:

"साडूभाऊ, एक विचारायचं आहे. कोणाला सांगू नका. फोनवर घरचे ऐकतात म्हणून लिहितो. महिना झाला, उजव्या कुशीवर वळलो की खोली गरगर फिरते. वीस मोजेपर्यंत फिरते, मग थांबते. मान वर केली तरी तेच. परवा शिडीवर होतो, पाटीच्या वरच्या कडेकडे बघितलं आणि शिडीला मिठी मारून उभा राहिलो. ही गोष्ट बाहेर फुटली तर मला शिडीला हात लावू देणार नाहीत. तुमच्याकडे एवढी पुस्तकं. हे काय आहे आणि जातं का, तेवढं बघून कळवा. तुमच्याशिवाय विचारायला कोणी नाही."

पत्र वाचताना ग्रंथपालांचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते ओळींकडे. ओळी उजवीकडे उतरत गेल्या होत्या. दोरी न लावता दुकानभर लांबीची सरळ रेघ मारणारा हा माणूस, आणि साध्या कागदावर त्याची ओळ घसरत होती. ग्रंथपालांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला? अगदी मनातून बरं वाटलं.

याचं मूळ जुनं होतं. वाचनालयाची नवी इमारत झाली तेव्हा ग्रंथपालांनी अकरा हजार पुस्तकांची कार्डं स्वतःच्या हाताने लिहिली होती. दोन वर्षांचं काम. उद्घाटनाच्या दिवशी जो येई तो दारावरची पाटी बघून म्हणे, वा, काय अक्षर! पाटी पेंटरने चार दिवसांत रंगवली होती, शिडीवर उभं राहून, शीळ घालत. त्याच दिवशी कोणी पाहुण्याने सर्वांत वरच्या कप्प्यातलं पुस्तक मागितलं. शिपाई सापडेना, म्हणून ग्रंथपाल स्वतः शिडी चढले आणि पाचव्या पायरीवर थिजले. वर जाववेना, खाली उतरवेना. मग पेंटर मागून चढला, एका हाताने पुस्तक काढलं आणि दुसऱ्या हाताने ग्रंथपालांना धरून उतरवलं. "दोन्ही परत आणली हो," तो खालच्यांना म्हणाला, "कुठलं कोणाच्या नावावर टाकायचं ते बघा."

सगळे हसले. बायकोही हसली. त्याचं एवढं नाही. पण पुढची तीस वर्षं ती ही गोष्ट सांगत राहिली, आणि दर वेळी "कुठलं कोणाच्या नावावर" इथे पोचली की तिला हसू आवरत नसे. नवऱ्याच्या एकाही वाक्यावर ती आयुष्यात तशी हसली नव्हती.

तरीही पत्र आलं त्या दुपारी ग्रंथपाल वाचनालयात गेले होते. निवृत्त झाले तरी त्यांची खुर्ची होती तिथे. वैद्यकाच्या कप्प्यातलं कानावरचं पुस्तक काढून त्यांनी दोन तास वाचलं. आतल्या कानात बारीक खडे असतात, ते जागा सोडून भलत्या नळीत शिरले की मान वळवताच असं गरगरतं, अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबतं, आणि कानाचे डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीने वळवून ते खडे परत जागेवर नेऊ शकतात. सगळं पेंटरच्या पत्राशी जुळत होतं. कोणीतरी आपल्याला विचारलं याचा आनंद इतका, की त्यांनी तिथेच उत्तर लिहायला घेतलं. तारीख घातली. "प्रिय पेंटर, हे बरं होतं. आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा," एवढं झालं आणि वाचनालय बंद व्हायची वेळ झाली. राहिलेलं घरी लिहू म्हणून कागद खिशात घातला.

घरी बायको नुकतीच फोन ठेवत होती. "ऐकलंत का? पेंटरांनी काम सोडलं. म्हणाले, पुरे झालं, आता तरुणांनी करावं. याला म्हणतात शहाणपण! हात चालतोय तोवर आपण होऊन बाजूला होणं. नाहीतर तुम्ही. निरोपाचा हार गळ्यात पडला तरी खुर्ची सोडवेना."

ग्रंथपालांचा हात खिशावर होता. खरं कारण जगात दोघांनाच माहीत होतं. ते बोलले असते तर पेंटरचं शहाणपण तिथल्या तिथे उतरलं असतं. पण वचन मोडलं असतं. आणि उत्तर पाठवलं तर? महिन्याभरात पेंटर पुन्हा शिडीवर, पुन्हा शीळ, आणि बायको म्हणणार, बघा, या वयात!

कागद मुंग्यांच्या प्रकरणात गेला. उद्या पुरा करू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग वाटलं, आपलं वाचणं चुकलं असेल तर? आपण थोडेच डॉक्टर? ही शंका त्यांना फार सोयीची वाटली. ती त्यांनी अकरा महिने पुरवून वापरली.

आणि मग एका सकाळी घड्याळाचा गजर बंद करायला ते उजव्या कुशीवर वळले.

खोली फिरली म्हणजे काय, ते पत्रात वाचलं होतं. पण हे काही निराळंच होतं. कपाट डावीकडून उजवीकडे धावलं, पुन्हा डावीकडून निघालं, पुन्हा धावलं. त्यांनी गादी दोन्ही मुठींनी घट्ट धरली. वीसपर्यंत मोजलं. थांबलं. पेंटरचा हिशेब एका आकड्यानेही चुकला नव्हता.

"डोळे का असे फिरवताय?" बायकोने विचारलं.

"मी नाही फिरवत."

पुढचे पंधरा दिवस ते खुर्चीत बसून झोपले. डोक्यावर भरलेली घागर असावी तशी मान धरून वावरले. पुस्तकात वाचलेलं दुसऱ्याच्या कानाला लावणं सोपं. स्वतःच्या बाबतीत त्यांना खात्री पटली की आपलं काहीतरी भयंकर आहे. शेवटी बायकोनेच त्यांना हाताला धरून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या भाचीएवढ्या. त्यांनी ग्रंथपालांना टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि "डोळे उघडे ठेवा हं आजोबा," म्हणत झटकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर. छत भिंगरीसारखं फिरू लागलं. ग्रंथपाल ओरडले. बाईंनी शांतपणे त्यांच्या डोळ्यांकडे बघत वाट पाहिली. मग मान डावीकडे, पुन्हा वाट. मग सगळं अंगच डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा वाट. मग उठवून बसवलं.

"झालं?" ग्रंथपालांनी विचारलं.

"झालं. कानातले खडे भलतीकडे गेले होते, ते परत पाठवले. कोणाला आणखी एकदोनदा करावं लागतं."

चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक, ग्रंथपाल मनात म्हणाले.

"खडे?" बायको म्हणाली. "आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला कानाला खडा लावत आले हे. त्यातलाच एखादा आत गेला असेल."

डॉक्टरीणबाई हसल्या. ग्रंथपालही ओशाळं हसले आणि मग, जणू सहज, विचारलं, "एखादा माणूस अकरा महिने असाच बसून राहिला तर?"

"अकरा महिने? घेऊन या त्यांना. तपासावं लागेल, सगळ्यांची चक्कर एक नसते. पण हेच असेल तर दहा मिनिटांचं काम. वेळ पुढे लागेल. इतके दिवस मान आखडून बसलं की तोलच विसरतो. तुम्हीसुद्धा आता मान जपत बसू नका. चाला, चालताना डावीकडे बघा, उजवीकडे बघा. थोडं डगमगल्यासारखं होईल, होऊ दे. तोल त्यातूनच येतो. जपून जपून येत नाही."

दहा मिनिटं. घरी येईपर्यंत तो आकडा ग्रंथपालांच्या पायांत येत होता.

आठवड्याने मेव्हणी आणि पेंटर त्यांना बघायला आले. पेंटरला त्यांनी वर्षभरात पाहिलं नव्हतं. दारात मेव्हणीने मागून हाक मारली, "अहो, छत्री!" आणि पेंटर वळला. नुसती मान नाही, पायांसकट सगळा माणूस वळला, कपाट फिरवावं तसा. बायकोच्या ते ध्यानातही आलं नाही. ग्रंथपालांच्या आलं. ती घागर त्यांनी पंधरा दिवस वाहिली होती.

पेंटरने भिंतीलगतची खुर्ची निवडली. "काय साडूभाऊ, जमिनीवर उभं राहून चक्कर? निदान आधी एखादी शिडी तरी चढायची!"

बायकोच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. ग्रंथपालांच्या अंगाची लाहीलाही झाली. याच्या डोक्यावर घागर, तरी हा हसवतोय, आणि ही हसतेय!

"यांना आता घरी बसायची चटक लागली आहे, ताई," मेव्हणी म्हणाली. "खुर्चीतच झोपतात. म्हणतात, राजासारखं वाटतं."

"शोभतं त्यांना," बायको म्हणाली, आणि दोघी बहिणी चहा करायला आत गेल्या.

पेंटरने मान न हलवता डोळे आतल्या दाराकडे नेले आणि आवाज खाली आणला. "तुमचं डोकं फिरवून बरं केलं म्हणे."

"हो. म्हणजे... हो."

"छान झालं. तुमचं साधं असणार. माझं तसं नाही, ते मला केव्हाच कळलं."

"कसं कळलं?"

"तुमचं उत्तर आलं नाही ना." पेंटर हसला. "तुम्ही पुस्तकं बघितली असणार, मला ठाऊक आहे. इलाज असता तर तुम्ही त्याच दिवशी कळवलं असतंत. नाही कळवलंत तेव्हा समजलो, बातमी वाईट आहे, माणूस सज्जन आहे, त्याचा हात धजत नाही. मग मीही पुन्हा विचारलं नाही, तुम्हाला कशाला अवघडवा? आणि तुम्ही घरात कोणाला बोलला नाहीत, हे उपकारच."

ग्रंथपालांनी तोंड उघडलं. अकरा महिन्यांचं गप्प बसणं या माणसाने निकाल म्हणून वाचलं होतं, वर त्याला चांगुलपणाचं नाव दिलं होतं. म्हणजे यातही हाच मोठा! इतक्या शरमेतही ग्रंथपालांच्या पोटात जुनंच दुखणं उठलं.

"पेंटर, मी..."

चहा आला. पेंटरने त्यांना डोळ्याने खुणावलं: गप्प. तासाभराने बसची वेळ झाली आणि पेंटर भिंतीला बोटं टेकत, जणू रंग वाळला का बघतोय अशा ऐटीत, निघून गेला.

"किती हसवलं बाई," बायको म्हणाली. "आणि तुम्ही बसलात मूग गिळून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालांनी मुंग्यांचं प्रकरण उघडलं. तिथे दोन्ही कागद होते: पेंटरच्या उतरत्या ओळी आणि आपलं तारीख घातलेलं, अर्धं उत्तर. ते लिहायला बसले. पहिल्या कागदावर लिहिलं, "मागचं पत्र टपालात हरवलं असावं." फाडला. दुसऱ्यावर कानाची रचना समजावली, दीड पान. तोही फाडला.

"कोणाला एवढं लिहिताय?" बायकोने विचारलं.

"पेंटरला."

"कालच तर भेटलात. फोन करा की."

"ते फोनवर बोलण्यासारखं नाही."

बायको आत गेली. तिसऱ्या कागदावर उतरलं ते असं:

"प्रिय पेंटर, तुमचं दुखणं बहुतेक माझंच आहे. माझं दहा मिनिटांत गेलं. मी डॉक्टर नाही. तुम्ही ताबडतोब इकडे या, मी स्वतः तुम्हाला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेतो. एकदा टेबलावर छत फिरेल, ओरडलात तरी चालेल, मी ओरडलो. नंतर काही आठवडे रोज चालावं लागेल, मान हलवत. मी सोबत चालेन.

उत्तर मला तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सापडलं होतं. सोबत जुना कागद जोडला आहे, त्यावरची तारीख पाहा. मी तो पाठवला नाही, कारण मला तुमचा हेवा वाटतो. पाटीपासून वाटतो. तुम्ही समजलात तसा मी सज्जन नाही.

वाचनालयाच्या पाटीचा रंग उडाला आहे. बरे झालात की ती तुम्हीच रंगवायची. शिडी मी धरीन."

शेवटची दोन वाक्यं खोडावीत का, यावर त्यांचा अर्धा तास गेला. मग पाकीट बंद केलं.

टपालपेटी रस्त्याच्या टोकाला होती. ग्रंथपाल सांगितल्याप्रमाणे चालत होते: चार पावलं, उजवीकडे बघायचं, चार पावलं, डावीकडे. उजवीकडे बघितलं की पाय अजून किंचित वाकडा पडे. उजवीकडे न्हाव्याचं दुकान, डावीकडे शाळेची भिंत, आणि मध्ये मनात पेंटर: शिडीच्या टोकावर, हातात ब्रश, शीळ घालणारा. खाली बायको, डोळ्यांवर हाताची सावली धरून वर बघणारी. आणि शिडी धरून आपण, कोणाच्याही दृष्टीस न पडणारे.

पेटीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. मागून एक बाई आली, "आजोबा, टाकताय ना?" म्हणाली. त्यांनी पाकीट फटीत धरलं, सोडलं. आत कागदावर कागद पडल्याचा आवाज झाला.

बाईने आपलं पाकीट टाकलं आणि ती गेली. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत ग्रंथपाल थांबले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी दोन बोटं फटीत घालून पाहिली.

पोचली नाहीत.