अडकलेल्या बटणाची कबुली

मी एक जुना पेन आहे, मित्रांनो. पण माझ्यात शाई नाही आणि कधी नव्हतीच. मला टोपण नाही, खिशाला अडकवायची पट्टी नाही. तरीही गेल्या सहा वर्षांत माझ्या टोकाखालून हजारो चित्रे गेली आहेत. काढणारा हात निराळा, मी नुसते निमित्त. देवाने सगळ्यांनाच तोंड दिले नाही, काहींना फक्त टोक दिले. त्या टोकावर सहा महिन्यांपासून एक कबुली अडकून बसली आहे. आज ती सांगून मोकळा होतो.

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे दोन भाग जुळवले, कुशीत दोन बटणे बसवली आणि परीक्षा म्हणून माझ्याकडून एक वर्तुळ काढून घेतले. ते जरा चपटे आले. आता ही मला टाकाऊ मालाच्या टोपलीत फेकणार, असे वाटून मी गारठलो. तिने पुढच्या पेनाला हात घातला, तेव्हा कळले की मी पास झालो. तेव्हापासून माझा स्वभावच तो झाला. आधी घाबरायचे, मग बघायचे.

एका काळ्या चकचकीत पाटीबरोबर मी खोक्यातून ताईच्या घरी आलो. ही पाटी म्हणजे विजेवर चालणारा पडदाच. मी तिच्यावर फिरलो की तिच्या अंगावर रेघ उमटते. ताई चित्रकार. नोकरी नाही, साहेब नाही. लोक काम सांगतात, ती घरी बसून चित्रे काढून देते. साहेब नसलेल्या माणसाला मात्र सगळेच साहेब असतात, हे मला पहिल्याच महिन्यात कळले. एका दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यात लावायला हसरा दात हवा होता. दात फार हसतो म्हणाले, मग फार गंभीर दिसतो म्हणाले, मग त्याला भुवया हव्यात म्हणाले. सात वेळा बदलून झाल्यावर फोन आला, "ताई, ते पहिलंच बरं होतं हो." ताईने फोन ठेवला आणि माझे टोक पाटीवर इतके दाबले, की माझाच दात पडायची वेळ आली.

घरात दुसरे माणूस म्हणजे ताईचे बाबा. चाळीस वर्षे त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यातही काचेवरचे काम त्यांचे खास. दुकानाच्या दर्शनी काचेवर ते आतल्या बाजूने अक्षरे काढत, म्हणजे ऊनपाण्याने रंग उडत नाही. आतून काढायची म्हणजे उलटी काढायची, तेव्हा ती बाहेरच्याला सुलटी दिसतात. गल्लीत त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. 'काचवाले' म्हटले की घर सापडायचे. आता त्यांचा उजवा हात कापतो. चहाचा कप, चमचा, वर्तमानपत्र, सगळे डाव्या हाताने. त्यांचे ब्रश ताईच्या टेबलावरच्या बरणीत उभे असतात. म्हातारे झाले तरी एकाही ब्रशला वाळलेला रंग चिकटलेला नाही. काम संपले की आधी ब्रश धुवायचे आणि मग स्वतःचे हात, हा बाबांचा नेम होता.

मला मात्र सहा वर्षांत कुणी पुसले नाही. मी तक्रार करत नाही, मित्रांनो. पण पुढचे सारे त्यातूनच घडले, म्हणून सांगतो.

माझ्या दोन बटणांपैकी खालचे बटण ताईने एका खास कामासाठी ठेवले होते. ते दाबले की सगळे चित्र आरशात बघावे तसे फिरते. डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. बरेच चित्रकार हे करतात. तासन्‌तास एकच चेहरा बघून डोळा निर्ढावतो आणि वाकडे नाकही सरळ वाटू लागते. चित्र फिरवले की चूक चटकन पकडली जाते. चूक सुधारायची, पुन्हा बटण दाबायचे, चित्र जागेवर. पण त्या बटणाच्या फटीत हळूहळू हाताचा घाम आणि धूळ साचली. कधी ते लागे, कधी लागत नसे. दर वेळी मला धास्ती वाटे, की आता अडकलो तर?

गेल्या वर्षी ताईकडे मुलांच्या पुस्तकाचे काम आले. लिहिणारी एक शिक्षिका, डावखुरी. लहानपणी तिने डाव्या हातात खडू धरला, की तो हात रुमालाने बाकाला बांधून ठेवत. तिने आपलीच गोष्ट लिहिली होती. शेवटच्या पानावर ती मुलगी साऱ्या वर्गासमोर डाव्या हाताने फळ्यावर लिहिते, 'मी लिहिते'. सगळे पुस्तक त्या एका हातासाठी होते. ताईने ती गोष्ट बाबांना वाचून दाखवली, मग वहीत पेन्सिलीने कच्ची चित्रे काढली आणि शेवटच्या पानासाठी तो हात अकरा वेळा काढला.

ताईचा एक रिवाज होता. कुठलेही चित्र धाडण्याआधी ती बाबांना दाखवायची. बाबा एक डोळा मिटून बघत, पाटीवर नखाने टक्‌ करून म्हणत, "जाऊ दे." ते 'जाऊ दे' कानी पडले की माझाही जीव भांड्यात पडे.

शेवटचे चित्र द्यायच्या दिवशी सकाळीच दारात एक खोके आले. त्यात नवा पेन होता. माझ्या अंगावर काटा आला.

"जुन्याला काय झालं?" बाबांनी विचारले.

"बटण कधी लागतं, कधी नाही. हे काम संपलं की बदलणार आहे."

"पुसलंस कधी त्याला?"

"बाबा, तो काय तुमचा ब्रश आहे?"

"ब्रश नाही, मान्य. पण हत्यारच ना? आमचे ब्रश तीस तीस वर्षं..."

"तुमचे ब्रश बरणीत उभे आहेत, बाबा. मला अजून काम करायचंय."

बोलून गेली खरी. आपला कापणारा हात बाबांनी डाव्या हाताखाली झाकला आणि आतल्या खोलीत गेले. ताई टेबलाशी बसली. तिच्या बोटांचा राग मला अंगभर जाणवत होता.

तिने चित्र आरशात फिरवले. मुलीचे नाक खरेच वाकडे होते. नाक सुधारले, मग हनुवटी, मग केसांवरचा उजेड. दोन तास ती त्या फिरलेल्या चित्रातच रमली. मग चित्र जागेवर आणायला तिने माझे बटण दाबले.

ते लागले नाही.

त्याच क्षणी फोन वाजला. प्रकाशनाच्या संपादकबाई होत्या. "अगं, चित्र कुठाय? तीनला मशीन सुरू होतंय."

"झालंय मॅडम, आत्ता पाठवते."

पडद्यावर मुलगी उजव्या हाताने लिहीत होती, आणि दोन तास तसेच बघून ताईच्या डोळ्यांना तेच सुलटे वाटत होते. फळा कोरा होता, कारण अक्षरे छापखान्यात बसवणार होते. एक अक्षर जरी असते, तरी उलटेपण ओरडून उठले असते. वहीतले कच्चे चित्र खरे बोलत होते, पण त्याच्यावर चहाचा कप ठेवलेला. आणि मी? मी तिच्या बोटांत होतो, मला ठाऊक होते, आणि मला तोंड नव्हते. ताई, अगं, बघ, असे मी किती म्हणालो असेन. टोक जागचे हलले नाही. चित्र गेले.

बाबांना न दाखवताच गेले.

पुढचे अडीच तास मी टेबलावर कसे काढले, ते माझे मला ठाऊक. डोळ्यांपुढे ती शिक्षिका येई. पुस्तक हातात घेते, शेवटचे पान उघडते आणि तिथे तिची मुलगी उजव्या हाताने लिहिते आहे. चाळीस वर्षांनी पुन्हा तोच रुमाल. ताईला पुढे कोण काम देणार? आणि खोक्यातला नवा पेन तर पडल्या पडल्या वाटच बघतोय. खोटे कशाला बोलू, मित्रांनो? ताईची काळजी किती आणि माझी स्वतःची किती, हे मला तेव्हा वेगळे करता आले नाही.

दोन वाजता ताई बाबांसमोर जेवायला बसली. बाबा डाव्या हातातल्या चमच्याने खाली मान घालून जेवत होते. ताईचा घास तोंडाशीच थांबला.

"बाबा, सकाळी मी जास्त बोलले."

"हं."

"शेवटचं चित्र दाखवायचं राहिलं तुम्हाला."

"गेलं ना आता? सुटलेल्या बसला हात कशाला दाखवायचा?"

"तरी बघा की. तुमचं 'जाऊ दे' ऐकल्याशिवाय मला जेवण जाईना."

तिने पाटी आणून त्यांच्यापुढे धरली. मी पाटीच्या कडेला खोचलेला होतो, म्हणून मला बाबांचा चेहरा अगदी जवळून दिसला. त्यांनी एक डोळा मिटला. बराच वेळ बघितले. नख उचलले, पण टक्‌ काही वाजले नाही.

"चित्र सुरेख झालंय," ते म्हणाले. "पण ही पोरगी काचेच्या आतून लिहितेय का गं?"

ताईला क्षणभर कळले नाही. मग तिचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला. तिने संपादकबाईंना फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. घड्याळात दोन वीस. तिसऱ्यांदाही नुसती घंटी. चौथ्यांदा पलीकडून आवाज आला, पण त्याच्यामागे धडधड चालली होती.

"मी छापखान्यातच आहे, बोल पटकन."

"मॅडम, मशीन सुरू झालं?"

"पहिला फर्मा, पहिली सोळा पानं, लागला वेळेआधीच. तुझं पान दुसऱ्यात आहे. का गं?"

"चित्र उलटं गेलंय. मुलगी उजव्या हाताने लिहितेय. चूक माझी आहे मॅडम, मी बघितलं नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "आणि आम्ही चौघांनी बघून पास केलं. चौघं कसले, आठ डोळे आंधळे. सुलटं करून पाठव. प्लेट पुन्हा करायचीच आहे, तर आणखी एक ऐक. फळ्यावर संगणकाची अक्षरं बसवली, ती फारच शहाणी दिसतायत. हातानं लिहून देशील? पहिल्यांदा डाव्या हातानं लिहिणाऱ्या मुलीची वाटली पाहिजेत. अर्धा तास देते, त्याच्यावर एक मिनिट नाही."

ताईने मला उपसले आणि बटण दाबले. लागले नाही. पुन्हा दाबले. नाहीच. तिने माझ्याकडे पाहिले, आणि तिला सारे कळले. मित्रांनो, त्या नजरेपेक्षा कारखान्यातली टोपली बरी होती. तिने पडद्यावरच्या आज्ञांच्या यादीत शोधून बोटानेच चित्र फिरवले आणि मला टेबलावर टाकले.

बाबांनी मला उचलले. एक सुई आणि फडके मागवले आणि माझ्या फटीतला सहा वर्षांचा मळ डाव्या हाताने खरवडू लागले. सुई घसरत होती. दोनदा वाटले, आता बटणच निखळणार, पण शेवटी ते मोकळे झाले. ताई मात्र तोवर नव्या पेनाने 'मी लिहिते' लिहून बघत होती. एकदा, दोनदा, पाचदा. डाव्या हातानेही बघितले. अक्षरे वाकडी येत, पण मुद्दाम वाकडी केल्यासारखी.

"माझा हात खोटं बोलतोय, बाबा." मग ती थांबली. त्यांच्या डाव्या हाताकडे बघत हळूच म्हणाली, "तुम्ही लिहिता?"

"मी? चमचा धड धरता येत नाही मला."

"म्हणूनच तर."

नवा पेन बारीक, गुळगुळीत. बाबांच्या बोटांतून तो दोनदा निसटला. मग त्यांनी मला डाव्या हातात घेतले. माझ्या अंगावरचे रबर जुने होऊन चिकट झाले आहे. एरवी ज्या चिकटपणाला कुणीही नाक मुरडेल, त्यामुळेच त्यांची पकड बसली. घड्याळात पावणेतीनला तीन मिनिटे कमी. बाबांचा अंगठा नेमका खालच्या बटणावर होता. ते दाबले गेले आणि चित्र पुन्हा फिरले तर? टोक चाचपडत पाटीवर टेकले. चाळीस वर्षे उलटी अक्षरे सफाईने काढणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा सुलटे अक्षर भीत भीत काढत होता. 'मी'ची वेलांटी कलंडली. 'लि' ओळीखाली घसरला. शेवटचा 'ते' सगळ्यात मोठा झाला, जणू आता काय व्हायचे ते होवो.

ताईने पाटी पुढे ओढली नाही. ती नुसती बघत राहिली.

"बघतेस काय?" बाबा म्हणाले. "वेळ जातोय. जाऊ दे."

पुस्तक निघाले. ताईने आपली चूक कबूल केली, म्हणून ते नीट निघाले. झाकली असती तर माझ्यासारखी आत मळ धरून बसली असती. शेवटच्या पानावर ती मुलगी डाव्या हातानेच लिहिते. शिक्षिकेने फोन करून विचारले, ही अक्षरे कुठल्या मुलीची? ताई म्हणाली, "आमच्याच घरातल्या मुलीची. वय वर्षं बहात्तर."

आता मोठी कामे नवा पेन करतो. मी बरणीत असतो, बाबांच्या ब्रशांशेजारी. रोज संध्याकाळी बाबा मला काढतात आणि डाव्या हाताने पाटीवर दोन ओळी गिरवतात. अजूनही त्यांचा अंगठा बटणाकडे सरकला की मी आधी घाबरतोच. स्वभाव आहे, जात नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणीतरी असेल. सायकल, कात्री, शिवणयंत्र, चष्मा. ती बोलत नाहीत. त्यांच्यात काय अडकले आहे, हे पुसणाऱ्या हातालाच कळते. आणि तुमचे काम बघून 'जाऊ दे' म्हणणारे माणूस घरात असेल, तर भांडण झाले तरी ते काम त्याला दाखवल्यावाचून धाडू नका.

बाबांची दुसरी ओळ संपली. आता ते फडके शोधताहेत. आधी मला पुसतील, मग स्वतःचे हात धुतील.