संगीताच्या कप्प्यापुढचं शून्य

वाचनालयात तिला सगळे भिंगरीबाई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. संदर्भ विभागाची ग्रंथपाल, पण खुर्चीत टेकलेली तिला कुणी पाहिली नव्हती. त्यातून गेले तीन महिने तर तिच्या जिवाला चैन म्हणून नव्हती, कारण भांडून मिळवलेला तिचा एक कप्पा पणाला लागला होता.

कप्पा होता लोकप्रिय आणि जगभरच्या संगीताचा, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसासाठी. लहानपणी रेडिओवर कुठल्याशा परक्या भाषेतलं गाणं ऐकून ती वेडावली होती आणि ते काय होतं हे सांगणारं पुस्तक तिला कुठेही मिळालं नव्हतं. तो सल अजून गेला नव्हता. म्हणून बत्तीस पुस्तकं तिने एकेक पारखून घेतली: जाडजूड कोश, वाद्यांची सचित्र ओळख, स्वरलिपी वाचायला शिकवणारं पातळ पुस्तक, सिनेमाच्या गाण्यांचा इतिहास. पुस्तकं देशांप्रमाणे लावावीत की वाद्यांप्रमाणे, यावर ती स्वतःशीच चारदा भांडली आणि चारदा कप्पा उपसला. शेवटी पातळ पुस्तकं हाताशी आणि कोश वर, असं ठरलं. नवखा माणूस जाड पुस्तक बघूनच पळ काढतो, असं तिचं म्हणणं.

वाचनालयाच्या समितीची अट होती: तीन महिन्यांत पुस्तकं वाचली गेली तर ठीक, नाहीतर तिथे स्पर्धापरीक्षांची गाइडं येतील. संदर्भाची पुस्तकं घरी देत नाहीत. त्यामुळे वाचकांनी ती वाचून टेबलावरच ठेवायची आणि बंद करताना शिपाईकाकांनी टेबलांवरची पुस्तकं मोजून वहीत मांडायची, अशी पद्धत. वहीत कायद्याच्या कपाटापुढे रोज वीस-पंचवीस. संगीतापुढे शून्य.

भिंगरीबाईला घास गोड लागेना. माणसं तर येत होती. शिंपीदादा रोज दुपारी यायचे, एक नर्स पाळी सुटली की यायची. तिने काकांच्या मोजणीवर संशय घेतला, काका दोन दिवस फुगून बसले, आकडा काही हलला नाही.

तीन महिने भरले. समितीच्या सभेच्या दिवशी अध्यक्षबाई अर्धा तास आधीच वाचनकक्षात येऊन बसल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, नजर करडी. भिंगरीबाई त्यांना मांडणी समजावत होती, तेवढ्यात शिंपीदादा पाणी प्यायला उठले. बोलता बोलता तिने त्यांच्यापुढचं पुस्तक उचललं, पदराने पुसलं, कप्प्यात ठेवलं आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं. शिंपीदादा परत येऊन रिकाम्या टेबलाशी उभे राहिले.

"बाई, एक विचारू?" ते चाचरत म्हणाले. "मी उठलो की माझं पुस्तक जातं. जाताना टेबलावर ठेवतो, तेही वळून बघेपर्यंत कप्प्यात असतं. इथला नियम असेल म्हणून तीन महिने बोललो नाही. रोज पान शोधत बसतो."

भिंगरीबाईचा चेहरा पडला. बाकीच्या कपाटांकडे ती ढुंकूनही बघत नसे, म्हणून त्यांची पुस्तकं टेबलांवर सुखाने लोळत. जिथे जीव अडकला होता, तिथलं एकही तिने पाच मिनिटं पडू दिलं नव्हतं. पुस्तक टेबलावरच ठेवा, ही पाटी तर तिच्याच हातची.

सभेत एकाने सुचवलं, अंदाजाने आकडे भरून टाकू. ती नको म्हणाली. जे झालं ते आपल्याच हाताने झालं, तेच लिहा म्हणाली.

"आणखी तीन महिने देते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण कप्पा खाली राहील आणि तुम्ही वर, नोंदणीच्या खोलीत. वाचनकक्षात पाऊल टाकायचं नाही."

ती लगेच हो म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत तिने नव्या पुस्तकांवर क्रमांक घातले, त्यातले निम्मे चुकले. खाली खुर्च्या सरकल्या की तिचे हात शिवशिवत. पाचदा ती जिन्यापर्यंत गेली आणि पाचदा परत फिरली. संध्याकाळी काका वर आले.

"सात," ते म्हणाले. "सगळी वेडीवाकडी पडलीयेत. एक तर उघडंच टाकून गेलेत शिंपीदादा. लावून टाकू?"

ती उठली, पुन्हा बसली.

"ते एक राहू द्या तसंच," ती म्हणाली. "उद्या त्यांना पान सापडू दे."