सगळे वार देवाचे

आधीच सांगते, माझं तोंड फटकळ आहे. आमच्या गडब गावात कुणालाही विचारा, हिरामणची सून कशी? कामाला चांगली म्हणतील आणि लगेच कानाला हात लावतील. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मी रंगकाम करते. तिथला शेठसुद्धा मला आवाज चढवून बोलत नाही. पण एक गोष्ट होती जी मला घरात सात वर्षं तोंडातून काढता आली नाही, आणि त्याच गोष्टीपायी सगळं अडलं होतं.

लग्नाला सात वर्षं झाली, मूल नव्हतं. गावात हळद असली की मला आमंत्रण असायचं, पण नवरीची ओटी भरायची वेळ आली की एखादी काकी हळूच म्हणायची, “पूजा, जरा त्या पान्याचं बघ गो.” अरे, मी काय पाण्याची टाकी आहे? एकदा मी तसं म्हणालेही. सगळ्या हसल्या, मी पण हसले, आणि घरी येऊन मोरीत बसून रडले.

माझी सासू धोंडुबाई वाईट बाई नाही. वाईट असती तर सोपं होतं, भांडून मोकळी झाले असते. पण ही माझ्या ताटात आधी वाढणार आणि मग स्वतः खाणार. कुणी मला वांझ म्हणालं तर त्या बाईच्या दारात जाऊन तिचे वाभाडे काढणार. एकदा लांबच्या नणंदेनं माझ्या नवऱ्याच्या, हरेशच्या दुसऱ्या लग्नाचं काढलं, तर सासूनं तिचा चहाचा कप अर्धा असताना उचलून नेला. अशा बाईशी कसं भांडायचं?

तिचा एकच उपाय होता. दर महिन्याला माझी पाळी आली की सासू देवासमोर उभी राहायची आणि माझ्या आणि हरेशच्या नावानं एक नवा वार धरायची. आधी सोमवार धरला. मग शनिवार. गुरुवार मात्र माझा मीच धरला होता, खोटं कशाला बोलू. त्यावर संकष्टी, एकादशी, अमावस्या, पौर्णिमा. आणि आमच्या घरात वार धरला म्हणजे नुसतं म्हावरं, म्हणजे मासळी, बंद करून भागत नाही. नवरा-बायकोनं पण लांब राहायचं. संध्याकाळ झाली की सासू हरेशची चटई बाहेरच्या ओटीवर टाकायची आणि माझ्या शेजारी स्वतःची.

त्यात हरेश रोह्याला केमिकल कंपनीत. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी. रात्रपाळीला तो घरात नसायचा आणि दिवसा सासरा, सासू, शेजारीपाजारी सगळे घरात. सुट्टी मिळाली की सासू आम्हाला कुठल्या तरी देवाला नवस बोलायला घेऊन जायची. बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो, तेवढाच आमचा सहवास.

तपासण्या मात्र आम्ही टाळल्या नाहीत. उलट आधी हरेशच गेला. “तुझंच रक्त किती काढायचं गो?” म्हणाला. इतर बायकांचे नवरे या तपासणीचं नाव काढलं की घर डोक्यावर घेतात. हा मान खाली घालून गेला, बाटली देऊन आला आणि येताना माझ्यासाठी वडापाव आणला. त्या दिवशी मला तो फार आवडला, पण त्या दिवशी नेमकी संकष्टी होती.

डॉक्टर आम्ही पुष्कळ केले. प्रत्येक ठिकाणी सासू सोबत, आणि डॉक्टरनं मला विचारलं की उत्तर तीच देणार. पाळी कधी आली, पोट दुखतं का, जेवण जातं का. माझ्या पोटाची माहिती माझ्यापेक्षा तिलाच जास्त. रिपोर्ट सगळे चांगले यायचे. डॉक्टर गोळ्या लिहून द्यायचे, मी खायचे आणि पुन्हा पाळी यायची.

या वर्षी आखाड लागायच्या आधी आम्ही पेणलाच संध्या मॅडमकडे गेलो. नव्या आलेल्या, बारीक चणीच्या, बोलायला गोड. त्यांनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, “महिन्यातून किती वेळा जवळ येता?”

सासू म्हणाली, “येवाचं काय त्यान? एकाच घरान तर र्‍हातान!”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नर्सला हाक मारली, “आजींचं बीपी बघा जरा, बाहेर नेऊन.” सासूला बीपी मोजून घ्यायला फार आवडतं. ती लगेच उठली. दार लागलं आणि मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. “आता बोला.”

हरेश पंख्याकडे बघायला लागला. मग मीच तोंड उघडलं. सोमवार नाही. गुरुवार नाही. शनिवार नाही. रात्रपाळीचा आठवडा नाही. पाळीचे दिवस नाहीत. एकादशी, संकष्टी नाही. बोलता बोलता मला माझंच ऐकू यायला लागलं. गणपतीच्या दिवसांत मी कारखान्यातून येते तेव्हा अंगात जीव नसतो, ते पण सांगितलं.

“मग उरलं काय?” मॅडम म्हणाल्या.

“कदी कदी मंगळवार,” हरेश पंख्याला म्हणाला.

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी. मॅडमनी चेष्टा केली नाही. त्या म्हणाल्या, “कुणाला औषध लागतं, कुणाला ऑपरेशन लागतं. तुमच्यात मला अजून तरी दोष दिसत नाही. पण बी पेरलंच नाही तर उगवणार काय? महिन्यात थोडेच दिवस असे असतात की मूल राहू शकतं, आणि तुमचे ते दिवस दर वेळी हुकतायत. आता सहा महिने मी सांगते तसं वागा. पूजा, तुझं वय पस्तिशीकडे चाललंय. हे सहा महिने फुकट घालवू नकोस. त्यातूनही नाही झालं तर पुढचे उपाय आहेत, घाबरायचं नाही.” कुठले दिवस ते त्यांनी मला नीट समजावलं. सात वर्षांत पहिल्यांदा मला कुणी असं काही सांगितलं होतं जे मला स्वतःला करता येणार होतं.

आता तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई तू, एवढं कळत नव्हतं? कळत होतं हो. पण मोडायची छाती होत नव्हती. एक वार मोडला आणि त्या महिन्यात काही झालं नाही, तर? देवानं ओंजळीत घातलेलं मी सांडलं असं झालं असतं. जगाचं सोडा, मीच मला तसं म्हटलं असतं. म्हणून चटई ओटीवर जायची आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

घरी आलो तर कोलाडची चंद्रावती मावशी, म्हणजे सासूची बहीण, येऊन बसलेली. दोघी बहिणींचं ठरून गेलं होतं. मावशीच्या शेजारणीच्या सुनेनं चातुर्मास पाळला आणि तिला मुलगा झाला म्हणे. सासूनं दवाखान्याबाहेर बसल्या बसल्या मावशीकडून फोनवर सगळं ऐकून देवाला शब्दसुद्धा देऊन टाकला होता. चार महिने हरेश आणि मी पाळायचं. मी माहेरी राहायचं, कार्तिकात परत यायचं.

“चार महिने?” मी म्हणाले.

“पाठोपाठ दिस जातान गो,” सासू म्हणाली. ती मोरीशी बसून चिंबोऱ्या साफ करत होती, एकेक नांगी मोडून टोपात टाकत होती. “आता देवाला नाय म्हनाला येनार नाय.”

हरेशनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “मी सांगू?” त्याचा चेहराच सांगत होता की त्याच्यानं होणार नाही. आईसमोर असलं बोलायचं म्हणजे त्या गरिबाला जीव देणं सोपं. मी पदर खोचला.

“आई, मना पोर पायजे.”

“त्यासाठीच तं सगलं चाललंय.”

“त्यानीच तं अडलंय! सोमवारी हे ओटीवर, गुरवारी ओटीवर, शनवारी ओटीवर, आनि आता चार महिने मी माहेरी. मग पोर येनार कुठशी? उडत?”

मावशीनं तोंडावर हात घेतला. “शिव शिव! सासूसमोर असली भाषा?”

“मग कोनासमोर बोलू, मावशी? डॉक्टरीण म्हनली, दोघं चांगली हाव. फकस्त एकत्र नाय. देवाला सगले वार दिले, मना एक तरी ठेवाचा व्हता.”

सासूच्या हातातली चिंबोरी तशीच राहिली. तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता संपलं, आता ती मला काय बोलेल ते बोलेल. “नवस मोडलास आनि देव कोपला तं?” ती म्हणाली. बोलताना तिची नजर देवाकडे गेली. तेव्हा मला कळलं की ती रागावलेली नाही, घाबरलेली आहे. माझ्याइतकीच घाबरलेली.

“कोपला तं माझ्यावर कोपू दे,” मी म्हणाले. “पन हे चार महिने मी वाया घालवनार नाय, आई. माझं वय चाललंय. मना माझं पोर पायजे.” आणि मग मी रडले. सगळ्यांसमोर, मावशीसमोर, भोकाड पसरून.

माझा सासरा हिरामण मिठागरात जन्म घालवलेला माणूस. दिवसाला चार शब्द बोलतो, ते पण जेवण मागायला. तो ओटीवरनं म्हणाला, “धोंडे, आपला हरेश पोटान र्‍हायला तवा तू कंचा वार धरला व्हतास?”

सासूनं हातातली चिंबोरी टोपात टाकली.

“श्रावन व्हता,” सासरा म्हणाला, “आनि माझ्या आठवनीत सोमवार.”

“गप बसा तुमी! लाज नाय वाटत?” सासू एवढ्या जोरात ओरडली की शेजारची दोन डोकी खिडकीत आली. मावशी पदरात तोंड खुपसून हसत होती. हरेश सरळ घराबाहेर पळाला.

सासू उठली, हात धुतले आणि देवासमोर जाऊन उभी राहिली. मग मोठ्यानं बोलली, मला ऐकू जावं म्हणूनच बोलली. “देवा, मी शब्द दिला त्यो माझा व्हता. पोरांचा नाय. त्यांचे सगले वार आजपासून माझ्या डोक्यावर. चातुर्मास मी पालीन, म्हावरं तोंडात घेनार नाय. रागावलास तं माझ्यावर रागाव. माझ्या सुनंला मोकली कर.”

आगऱ्याच्या बाईनं चार महिने म्हावरं सोडायचं म्हणजे काय ते खाडीकाठच्या माणसालाच कळेल. त्या रात्री चिंबोऱ्यांचा रस्सा आम्ही सगळ्यांनी खाल्ला आणि ती ताक-भात घेऊन बसली. मला घास जाईना. “खा गो,” ती म्हणाली, “नायतं तुझा पन वाटा या चंद्रावतीच्या पोटात जाईल.”

माझी सासू काही अर्धवट करत नाही. नवस करत होती तेव्हा सगळे वार धरले, आता सोडायचं ठरवलं तर घरच सोडायला लागली. मॅडमनी सांगितलेले दिवस तिनं माझ्याकडून काढून घेतले आणि ते आले की सासऱ्याला घेऊन कोलाडला बहिणीकडे. भर ओटीवरनं मला विचारायची, “पूजा, आज जाऊ ना गो कोलाडला?” शेजारी ऐकताहेत, मी टोमॅटोसारखी लाल! हरेशनं त्याच्या बरोबरच्या प्रदीपशी बोलून रात्रपाळ्या बदलून घेतल्या. मी शेठला सांगितलं, या दिवसांत उशिरापर्यंत थांबणार नाही. गणपती तोंडावर आलेले, तो चिडला. मी म्हटलं, “शेठ, तुमचे गणपती वेळेवर देईन. पन माझ्या पन घरात एक बाळ आणायचं हाय.” तो हातातला ब्रश घेऊन दुसऱ्या मूर्तीकडे गेला.

आणि खरं सांगू? त्या दिवसांत आमचं लग्न नव्यानं लागलं. सात वर्षं आम्ही एकमेकांशी रिपोर्टबद्दल बोलत होतो. आता हरेश मला कंपनीतल्या गमती सांगायला लागला, मी त्याला शेठच्या नकला करून दाखवायला लागले. घरात आम्ही मोठ्यानं हसत होतो.

पहिल्या महिन्यात पाळी आली. मी मोरीतून बाहेर आले ती सासूचं तोंड चुकवत. मनात म्हटलं, आता ही देवासमोर जाणार, आता नवा वार येणार. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि चहा ठेवला. माझ्या हातात कप दिला, माझ्या केसांवरनं हात फिरवला आणि म्हणाली, “व्हईल.” बस, एवढंच. दुसऱ्या महिन्यात पण चहा आला.

गणपती गेले, नवरात्र गेलं, आणि पाळी आली नाही. मी कुणाला सांगितलं नाही. घरातल्या घरात तपासलं तरी विश्वास बसेना. दिवाळीच्या आधी मी आणि हरेश संध्या मॅडमकडे गेलो. या वेळी सासू स्वतःहूनच आली नाही. “तुमी दोघं जा,” म्हणाली. मॅडमनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवलं. तिथं काहीतरी इवलंसं लुकलुकत होतं. “हे बघ ठोके,” त्या म्हणाल्या. हरेशनं या वेळी पंख्याकडे नाही बघितलं. पडद्याकडे बघत तो माझा हात इतका घट्ट धरून उभा राहिला की माझी बोटं दुखायला लागली. मी ओरडले नाही.

गडबला उतरून घरी आलो तर सासू दारातच उभी. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मान हलवली. ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही हात वर करून जोडले.

“पावला गो! देव पावला!”

मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. “पावला आसंल, आई,” मी म्हणाले. “पन त्याच्या आधी तुमी पावलात.”

तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. “कायपन बोलतंस,” म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली.