कोरडा पिंजरा

तिने पिंजऱ्याखालचा ट्रे दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून अगदी सपाट धरून, न्हाणीघराकडे नेला. मागोमाग कुत्र्याचं पिल्लू, बोळ्या, आला. आपल्याच कर्तृत्वाची मिरवणूक चालली आहे अशा थाटात तो शेपटी हलवत तिच्या पायात पायात येत होता.

"पुन्हा?" नवऱ्याने दात घासता घासता विचारलं.

"पुन्हा."

"ताईकडे दिवसभरात एकदाही करत नाही. एकदाही."

तिने ट्रेवर नळ सोडला आणि तो गरजेपेक्षा जरा जास्तच मोठा केला.

बोळ्या तीन महिन्यांचा होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला. मिलिमीटरचाही फरक त्याला चालत नसे. पण पिंजरा आणताना त्याने शाळेच्या गणवेशाचा न्याय लावला होता: वाढत्या अंगाचा घ्यावा, म्हणजे पुन्हा घ्यावा लागत नाही. त्यातून सवलत होती, म्हणून एकसारखे दोन आणले. एक वर त्यांच्याकडे, एक खाली तळमजल्यावर ताईंकडे. त्या एकेका पिंजऱ्यात बोळ्यासारखी चार पिल्लं ऐसपैस राहिली असती. तो एका कोपऱ्यात झोपे आणि उरलेल्या जागेचा संडास म्हणून उपयोग करी. यात पिंजऱ्याचं काही चुकत असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. चुकत होतं ते तिचं, कारण खालच्या पिंजऱ्यात तो असलं काही करत नव्हता.

खालच्या ताई म्हणजे तिची थोरली नणंद. तोंडावर ती त्यांना ताईच म्हणे. मनात राग असला की मात्र वन्सं. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या वॉर्डात काढली होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी अख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची. 'जे औषध दिलं नाही ते दिलं म्हणून लिहिणार नाही,' असं त्यांनी एकदा एका बड्या डॉक्टरला तोंडावर सुनावलं होतं. ही गोष्ट तिने लग्न ठरल्यापासून निदान वीस वेळा ऐकली होती.

लग्न होऊन ती आली तेव्हा घर लावून तयार होतं. पडदे ताईंनी निवडलेले, कपाटातले कप्पे ताईंनी वाटून दिलेले, डब्यांवरच्या चिठ्ठ्या ताईंच्या सुबक अक्षरात. तिने साखरेची जागा बदलली की आठवड्याभरात साखर आपल्या पायांनी चालत पूर्वीच्या जागी जायची. बोळ्या हा त्या घरातला पहिला जीव, जो तिने स्वतः निवडला होता. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची. तिथल्या एका गिऱ्हाइकाच्या कुत्रीला सहा पिल्लं झाली होती. बघायला गेली तेव्हा त्यातलं एक सरळ तिच्या चष्म्यावर शिंकलं. तेच तिने उचललं.

आणि आता तेच रोज सकाळी ताईंच्या चपलांचा आवाज खालून आला की तिच्या मांडीवरून उडी मारून दाराशी जाऊन रडत होतं.

दुकानाला जाताना ती त्याला खाली सोडायची आणि संध्याकाळी परत आणायची. परत येताना त्याच्याबरोबर एक कागद यायचा. वॉर्डात असतो तसा चार्ट, पट्टीने रेघा मारलेला. नऊ वीस, शू, बाहेर. नऊ चाळीस, शी, बाहेर. दहा ते बारा, झोप, पिंजरा कोरडा. सव्वाबारा, पिंजरा कोरडा. खाली सही. नवरा तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावायचा. महिन्याभरात फ्रिजचं दार दिसेनासं झालं होतं.

"ताईच्या हाताला गुणच आहे," तो म्हणायचा. "पिल्लू चांगलं आहे गं. तुझंच कुठेतरी चुकतंय."

त्या सोमवारी ट्रे धुऊन ती बाहेर आली, तेव्हा त्याने फैसलाच सांगून टाकला.

"रविवारपर्यंत बघू. नाही सुधारला तर त्याला कायमचा खालीच राहू दे. तुझीही दगदग वाचेल."

"माझी दगदग मी बघीन."

"मग रविवारी कोरडा दाखव."

त्याच्या दृष्टीने विषय संपला. तिच्या पोटात मात्र जे दुखायला लागलं ते मंगळवार गेला, बुधवार गेला, तरी थांबलं नाही. नणंदेला पाण्यात पाहणाऱ्या बायका तिने पाहिल्या होत्या आणि त्यांना हसलीही होती. आता एका ओंजळीएवढ्या कुत्र्यापायी आपली तीच गत झाली आहे हे तिला कळत होतं, आणि कळून काही उपयोग होत नव्हता.

गुरुवारी दुकानातलं काच घासायचं यंत्र बंद पडलं आणि तिला दुपारीच सुटी मिळाली. ती घरी आली, पण ताईंच्या दाराची बेल तिने वाजवली नाही. पिल्लू झोपलं असेल, उगाच उठेल, असं तिने स्वतःला समजावलं. खरं म्हणजे आपण नसताना बोळ्या तिथे किती सुखात असतो हे तिला बघायचं होतं. दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तशी ती इमारतीला वळसा घालून मागच्या अंगणात गेली.

दोरीवर पिंजऱ्यात घालायची फडकी वाळत होती. एक, दोन, तीन. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

ताई फरशीवर बसल्या होत्या. दुखरा गुडघा वाकत नसल्यामुळे एक पाय सरळ पुढे टाकलेला, आणि एक हात खांद्यापर्यंत पिंजऱ्यात. आतला ट्रे त्या पुसत होत्या. बोळ्या त्याच फडक्याचं दुसरं टोक दातात धरून ओढत होता.

"चौथ्यांदा आहे हो आज," ताई त्याला सांगत होत्या. "सोड. सोड बघू. असू दे. झालं ते झालं. कुणाला सांगायचं नाही आपण, कळलं?"

मग टेबलाला धरून त्या दोन प्रयत्नांत उठल्या. कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि टेबलावरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. खिडकीबाहेर तिनेही आपलं घड्याळ पाहिलं. तीन वीस.

ती आली तशीच मागच्या पावली रस्त्यावर गेली आणि आनंदाने तिला काय करावं सुचेना. त्याच रस्त्याने तिने तीन फेऱ्या मारल्या. पानाच्या टपरीवाल्याने तिसऱ्या फेरीला विचारलंही, काही हरवलंय का म्हणून. एकतीस वर्षं नाकाने कांदे सोलणाऱ्या वन्सं, आणि चार्ट खोटा. आज नाही सांगायचं, तिने ठरवलं. रविवारी. भावासमोर.

संध्याकाळी ती नेहमीच्या वेळी बोळ्याला घ्यायला गेली. कागदावर सुबक अक्षरात होतं: तीन वीस, पिंजरा कोरडा.

"गुणाचा आहे हो," ताई त्याच्या कानामागे खाजवत म्हणाल्या. "तुझ्याकडेच का असं करतो कोण जाणे. घाबरवत तर नाहीस ना त्याला?"

तिने ओठ घट्ट मिटून बोळ्याला, त्याच्या अंगावरच्या ताईंच्या पावडरच्या वासासकट, उचललं. जिना चढताना तिला हसूही येत होतं आणि अंगाचा तिळपापडही होत होता.

शुक्रवारी दुकानात डोळे तपासणाऱ्या काकांना तिने सगळं सांगितलं. गेला महिनाभर बोळ्याचं सगळं तीच त्यांना सांगत आली होती. कधी केलं, किती केलं, कुठे केलं. काका एका फ्रेमचा स्क्रू पिळत ऐकत होते. सांगता सांगता ती ताईंच्या खिडकीपाशी आली तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणजे तिथेही करतो," ते म्हणाले.

"दिवसातून चारदा. आणि लिहितात काय, तर कोरडा."

"आणि तुम्ही रविवारी हे सांगणार."

"सांगणारच."

"सांगा." त्यांनी फ्रेम उजेडात धरली. "तुमच्या कुत्र्याची शू मला आता तोंडपाठ आहे. समोरच्या औषधवाल्यालाही आहे, तोही विचारत असतो. त्या बाईंनी आजवर कुणाला सांगितलं?"

काकांनी फ्रेम तिच्याकडे सरकवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.

दिवसभर ती मनात रविवारचं वाक्य जुळवत राहिली. कसंही फिरवलं तरी त्याच्या शेवटी एकच यायचं: बोळ्या दोन्हीकडे घाण करतो. त्यावर नवरा काय म्हणेल हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. 'मग देऊन टाकू ज्याचं त्याला परत.' तो 'पिल्लू चांगलं आहे' म्हणत होता ते फ्रिजवरच्या कागदांच्या जोरावर. साऱ्या घरात बोळ्याबद्दल चांगलं बोलणारी तेवढीच एक गोष्ट होती, आणि ती खोटी होती, आणि ती ताईंनी लिहिली होती. तिने मात्र त्याच्या प्रत्येक चुकीचा गावभर बोभाटा केला होता. ताईंनी त्याच चुका, दिवसाला चार चार, पोटात घातल्या होत्या.

वन्संना पकडलं म्हणजे मत्सर निवेल असं तिला वाटलं होतं. तो आता दुप्पट झाला.

रविवारी उजाडतानाच तिला जाग आली. दबक्या पावलांनी ती पिंजऱ्यापाशी गेली. एका कोपऱ्यात बोळ्या झोपला होता. दुसऱ्या कोपऱ्यात व्हायचं ते झालं होतं. तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. नवरा घोरत होता. मग तिने गाऊनच्या बाह्या वर केल्या, ट्रे काढला, नळ बारीक धारेवर सोडला, बादलीत फिनेल ओतलं, फरशी दोनदा पुसली. भिजलेलं फडकं पिशवीत गुंडाळून धुण्याच्या अगदी तळाशी कोंबलं आणि कोरडं अंथरलं. हे सगळं ती कुणाच्या भल्यासाठी करत नव्हती. खोटं बोलण्यातसुद्धा ती बाई आपल्या पुढे असावी, हे तिला खपत नव्हतं.

बोळ्या जागा होऊन तिच्याकडे बघत होता.

"सांगायचं नाही कुणाला," ती त्याला हळूच म्हणाली. बोलून झाल्यावर हे शब्द कुणाचे आहेत ते आठवून तिला स्वतःचाच राग आला.

नवरा उठला आणि पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला.

"कोरडा?"

"कोरडा."

"खरंच?" आत हात घालून त्याने फडकं चाचपलं. तो खूश झाला, पण यंत्र एकदा चालून दाखवल्यावर दुरुस्त झालं असं मानणाऱ्यातला तो नव्हता. "थांब, ताईला बोलावतो. तिच्या नाकाला लगेच कळेल."

ताई आल्या त्या धापा टाकत. दोन जिने त्या एरवी चढत नसत. आधी बोळ्याने त्यांच्या पावलांवर लोळण घेतली, आणि ते बघताना तिने स्वतःच्या ओल्या बाह्या पाठीमागे घेतल्या.

"हिचं म्हणणं आहे, कोरडा होता," नवरा म्हणाला. "तू सांग."

ताईंनी खुर्चीचा आधार घेतला आणि पिंजऱ्यात डोकं घातलं. बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या. ती त्यांच्या पाठीकडे बघत उभी होती. 'कोरडा नव्हता', एवढ्या दोन शब्दांचं काम होतं. त्या ते दोन शब्द बोलल्या की बोळ्या कायमचा तळमजल्यावर गेला. आपण त्यांच्या जागी असतो तर बोललो असतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ताई सरळ झाल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग गाऊनवर गुडघ्यांपाशी उमटलेल्या दोन ओल्या गोलांकडे.

"कोरडा आहे," त्या म्हणाल्या.

"बघ, म्हणजे शिकला." नवऱ्याने बोळ्याच्या पाठीवर थाप मारली. "मग आता दिवसाही वरच राहील पिंजऱ्यात. ताई, सुटलीस तू. उगाच तुला या वयात त्रास."

"हो," ताई म्हणाल्या. "सुटले."

तो टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेला. पाणी पडल्याचा आवाज आला. ती जिंकली होती, सगळंच्या सगळं, मागितलं नव्हतं तेवढंसुद्धा. ताई दारापर्यंत गेल्या आणि चौकटीला धरून थांबल्या. बोळ्या त्यांच्या चपलेचा पट्टा चावत होता.

"फिनेल नको वापरूस," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "त्याने आतला वास जात नाही, मग तो पुन्हा तिथेच करतो. मी व्हिनेगर वापरते."

ताईंनी पट्टा हलकेच सोडवून घेतला.

"उद्या त्याला सोडायला येशील तेव्हा एखादी रिकामी बाटली आण. भरून देते." जिन्याकडे वळता वळता त्यांनी विचारलं, "येशील ना?"

नाही म्हणावं, असं तिला अगदी जिभेच्या टोकापर्यंत वाटलं. आतला नळ बंद झाला.

"येते," ती म्हणाली. "पण त्याला पावडर नका लावत जाऊ, ताई. रात्रभर घरात तुमचाच वास येत राहतो."

"नाही लावणार," ताई म्हणाल्या, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या.