हर्बी गोड बोलला

हर्बी पर्लने आयुष्यभर स्टेजवरून लोकांची बिनपाण्याने केली आणि लोक त्यासाठी तिकीट काढून आले. लास व्हेगासच्या हॉटेलात पुढचं टेबल मिळावं म्हणून भलेभले वेटरच्या मिनतवाऱ्या करत. आणि एवढं करून हर्बी त्यांना काहीच बोलला नाही, तर घरी जाताना बायकोवर चिडत. "तू तोंड पाडून बसली होतीस! त्याला वाटलं, आपल्या घरात कोणी गेलंय." कारण दुःखातल्या माणसाला हर्बी शिवत नाही, त्याच्याशी अदबीने बोलतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

हा धंदा सुरू झाला तो अपघातानेच. न्यूयॉर्कजवळच्या डोंगरात ज्यू मंडळी उन्हाळ्यात हवा खायला जात, आणि हवेपेक्षा जेवण जास्त खात. तिथल्या एका हॉटेलात पोरसवदा हर्बी सासूवरचे विनोद सांगत होता. कोणी हसेना. पुढे बसलेला फरच्या कोटांचा एक व्यापारी ओरडला, "पोरा, हे जमत नसेल तर निदान जेवण तरी वाढ!"

"काय वाढू?" हर्बी भडकला. "मासे तुम्ही संपवले, सूप संपवलं. आता टेबलावरची चादर उरलीये, तिला मीठ लावून देऊ?"

सगळा हॉल हसून लोळला. व्यापारी तर डोळे पुसत होता. मागे पियानोवर एक हडकुळा इटालियन मुलगा होता, तो इतका हसला की त्याची बोटं सुरांवरून घसरली. तो कार्माइन. त्या दिवसापासून हर्बीने दुसऱ्या कोणाला पियानोवर बसू दिलं नाही.

काय दिवस होते ते! कार्माइन स्टेजवर चकार शब्द बोलायचा नाही. हर्बी म्हणायचा, "ह्याचं नाक पहिल्या खेळाला येतं, बाकीचा हा दुसऱ्या खेळाला," आणि रोज ऐकलेल्या त्याच टोमण्याला कार्माइन रोज नव्याने हसायचा. आता ती हॉटेलं पाडून नवी उभी राहिली, बँड गेले, टाय लावून येणारी माणसं गेली. हर्बीला त्या दिवसांची फार आठवण यायची, आणि आठवणीत टाळ्यांच्या आधी ते मागचं हसू ऐकू यायचं.

मग कार्माइन आजारी पडला. हर्बी त्याला भेटायला गेला, त्या दुपारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कार्माइनच्या बायकोने, फिलोमेनाने, त्याला अडवलं.

"डॉक्टर म्हणतात, येता ईस्टर काही त्याला दिसायचा नाही. मी त्याला यातलं काही कळू दिलेलं नाही. हर्बी, तू नेहमीसारखा बोल. हसव त्याला."

"त्यात काय अवघड आहे?" हर्बी म्हणाला. घरून निघतानाच त्याने दोनचार टोमणे घोटून ठेवले होते.

पण खाटेवर कार्माइन निम्मासुद्धा उरला नव्हता. हर्बीने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"कार्माइन, छान दिसतोयस रे."

कार्माइनने उशीवरून मान वळवली. मग म्हणाला, "किती दिवस उरलेत?"

"कसले दिवस? काहीतरीच काय!"

"हर्बी, माझ्या लग्नात तू असं भाषण केलंस की सासूबाई मुलीला परत घरी न्यायला निघाल्या होत्या. चाळीस वर्षांत माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढला नाहीस. आणि आज छान दिसतोय? मी मरतोय ना?"

गुंडांना, सिनेटरांना तोंडावर सुनावणारा हर्बी मान खाली घालून रडायला लागला. "चुकलं रे माझं."

"फिलोमेनाला बोलू नकोस मला कळलंय ते. मला माहीत नाही, एवढ्याच आधारावर ती उभी आहे." कार्माइनने दम घेतला. "आणि रडणं बंद कर. तुझं तोंड आधीच भाड्याच्या खोलीतल्या गादीसारखं, त्यात ओलं कशाला करतोस?"

हर्बीने मान वर केली.

"बघतोस काय, गाढवा? चाळीस वर्षं तुला वाटलं, मी तुझ्या विनोदांना हसतो. मी मागून तुझी पँट बघून हसत होतो."

हर्बीला हसू फुटलं. कोणी आपल्याला असं सोलून काढावं आणि आपल्याला मात्र मायेने जवळ घेतल्यासारखं वाटावं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. लोक पुढच्या टेबलासाठी का मरत, तेही कळलं. दोघं खोकला येईपर्यंत हसले.

बाहेर फिलोमेना दाराशीच उभी होती. "हसला ना? ऐकलं मी." मग हर्बीचे लाल डोळे बघून ती थबकली. "त्याला काही कळलं तर नाही ना?"

हर्बीला वाटलं, तिला जवळ घेऊन सांगावं, की बाई, तुझ्याइतकं कोणी कोणासाठी केलं नसेल. पण एक शब्द गोड निघाला असता, तर कार्माइनला कळलंय हे तिलाही समजलं असतं. त्याने नाक पुसलं.

"काय कळायचंय? तुझ्या हातचं चाळीस वर्षं खाऊन जो जिवंत राहिला, त्याचं हे डॉक्टर काय वाकडं करणार?"

"मेल्या!" फिलोमेनाने त्याला पर्स हाणली, हसतहसत डोळे पुसले, आणि हर्बी अजून तसाच नालायक आहे हे नवऱ्याला सांगायला ती आत गेली.