रिकामा कोपरा

नगररचना कार्यालयाचं पत्र येऊन तेरा दिवस झाले होते, आणि निवृत्त ग्रंथपालांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. मजकूर थोडकाच होता. ‘ऑनलाइन नकाशावर आपण टाकलेल्या व्हिडिओनुसार गल्लीच्या टोकाचा कोपरा वापरात नाही. तिथे गाड्या लावण्याची सोय करण्यास हरकत असल्यास पंधरा दिवसांत टपालाने कळवावे.’

कोपरा चांगला वापरात होता. वीस वर्षं शिवणवाली तिथे मशीन मांडून बसत होती.

रहिवाशांनीच आपापल्या गल्ल्यांचं चित्रण करावं, म्हणजे आराखडा लोकांच्या मताने होईल, असं कार्यालयाने जाहीर केलं तेव्हा ग्रंथपालांनी हौसेने नाव दिलं. पण माणसांसमोर फोन धरायचा म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून शिवणवाली मशीन ढकलत घरी जेवायला जाईपर्यंत ते खांबाआड थांबले, आणि मग फोन काढला. असे नऊ व्हिडिओ. एकातही माणूस नाही.

“उत्तर लिहिताय की पत्र पाठ करताय?” बायकोने विचारलं. “पाचला पोस्टाची खिडकी बंद होते. आज पडलं नाही तर मुदतीत पोचायचं नाही.”

“चार मसुदे झालेत.”

“पाचवा शिवणवालीला सांगून लिहा.”

नेमकं तेच ते तेरा दिवस टाळत होते. तरी गेले. शिवणवालीने पत्र वाचलं आणि मशीनवरचा तिचा पाय थांबला.

“काका, मी दिवसभर इथेच तर असते. दिसले नाही?”

“दिसलीस गं. म्हणून तर तू जाईपर्यंत थांबलो. विचारायला लाज वाटली.”

तिने पत्राची घडी घालून ते परत दिलं.

“तुमच्या लाजेपायी माझं बस्तान उठत होतं की,” ती म्हणाली. “काढा फोन. तुमच्याकडे बघू, की शिवत राहू?”

“शिवत राहा.”

चित्र जरा हललं. त्यांनी ते तसंच नकाशावर चढवलं. मग तिच्याच मशीनच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं : ‘कोपरा रिकामा नव्हता. तो रिकामा होईपर्यंत मी थांबलो होतो. माझे बाकीचे आठ व्हिडिओही असेच काढलेले आहेत. कृपया त्यांतला एकही ग्राह्य धरू नये, आजचा नवा पाहावा. इथे गाड्या लावण्यास माझी हरकत आहे.’

पाचाला सात मिनिटं कमी असताना ते खिडकीशी पोचले. वेळेत पोचेल ना, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर कारकुनाने शिक्का मारून पाकीट पोत्यात टाकलं होतं.